उंबराखालचा शोषखड्डा

विहिरीत उतरायला गोरखला कधी दोर लागला नाही. साठीला टेकला होता, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी आतल्या बांधकामातून बाहेर काढलेल्या दगडी टप्प्यांवर त्याचे पाय आपोआप पडायचे. ते टप्पे त्याच्या आज्यानं बसवलेले. मार्च संपत आला होता, पाणी कमरेएवढं उरलं होतं, आणि आठवडाभर त्या पाण्याला वास येत होता.

वस्तीनं एकमेकांवर खापर फोडून झालं होतं. कुणी म्हणालं उंदीर पडलाय, कुणी म्हणालं अमकीनं काठावर गोधड्या धुतल्या. दोन पोरांना जुलाब लागले, मग गोरखच्या आईला, बयाबाईला लागले. तेव्हा हिरानं, म्हणजे गोरखच्या बायकोनं, त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून घेतला. "आदी खाली उतरून बगा," ती म्हणाली. "जगाच्या हिरी खांदता, आन् घरच्या हिरीत काय मेलंय ते ठावं न्हाई."

म्हणून तो उतरला. उंदीर नव्हता, काही नव्हतं. पश्चिमेच्या अंगाला काळ्या खडकात वीतभर रुंदीचा तांबडा मऊ पट्टा होता, तिथूनच विहिरीला पाणी यायचं. वस्तीत त्याला शीर म्हणायचे. गोरखनं शिरेत बोटं घातली. बोटं बुळबुळीत झाली. नाकाशी नेली. तो वास कुत्र्यामांजराचा नव्हता. माणसाच्या संडासाचा होता.

पण तो मटकन टप्प्यावर बसला तो वासामुळे नाही. तो तांबडा पट्टा त्यानं दीड वर्षापूर्वी आणखी एका जागी बघितला होता. वर, टेकाडावर, सात फूट खोल खड्ड्यात. बघितला होता आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारली होती.

"बोंबला," गोरख स्वतःशीच म्हणाला.

आता ते वरचं घर काय होतं, ते सांगायला हवं. बेडशाच्या लेण्यांखाली वस्ती, आणि वस्तीच्या डोक्यावर टेकाड. टेकाडाची जमीन पुण्याच्या सुहास नावाच्या साहेबांनी घेतली आणि तिथं घर बांधायला अनघा मॅडम आल्या. मॅडम आर्किटेक्ट. पण कोटवाल्या नव्हेत, चिखलात पाय घालणाऱ्या. विटा जागेवरच्या मातीच्या, भट्टीत न भाजलेल्या. दगड तिथलाच. छपरावर सौर पाट्या. अंघोळीचं नि मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून निवळून झाडांना. आणि पुढच्या अंगणाखाली सव्वा लाख लिटरची टाकी, पावसाळ्यात छपरावरचं सगळं पाणी तिच्यात. मावळातला पाऊस, टाकी जूनमध्येच भरायची. अंगणात तिला पितळेची तोटी बसवली होती.

यात खोटं काही नव्हतं, हीच तर डोक्यात जाणारी गोष्ट. गोरखनं त्या घराच्या भिंती स्वतःच्या हातानं रचल्या होत्या. लोणावळ्यात त्यानं पंचवीस वर्षं बंगले बांधले. ओढे बुजवून बांधलेले, उतार कापून बांधलेले, पहिल्याच पावसात भिंतीला पोट सुटलेले. या घरात पहिल्यांदा त्याला कुणीतरी विचारलं होतं, गोरखभाऊ, वारा कुठून येतो, दगड कुठला टिकेल. माणूस विरघळतो हो असं विचारल्यावर. तो विरघळला.

आता संडासाचं. मूळ नकाशात त्याचंही सगळं नीट होतं. संडासाच्या टाकीच्या पुढं गाळणीचे तीन कप्पे, पुढं बोरूचं बेट, मगच पाणी जमिनीत. पण ते येत होतं साहेबांच्या झोपायच्या खोलीसमोर. खिडकीतून लेणी दिसायची होती, कप्पे नको होते. साहेब म्हणाले, मागं टाका कुठंतरी, साधा शोषखड्डा करा, म्हणजे टाकीतलं पाणी खड्ड्यात नि खड्ड्यातलं भुईत. मॅडमनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा मान्य केलं. तर मागं. आता त्यांचं जे मागं, ते वस्तीचं पुढं होतं, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. गोरखच्याही नाही.

मागच्या कोपऱ्यात तीन खड्डे खणले. तिन्हींत पाणी दोन दोन दिवस तसंच उभं, जिरेचना. खाली नुसता काळा पाषाण. इंजिनीअर पोरगा फोन लावून लावून दमला. तेव्हा गोरख पहार घेऊन फिरला. टेकाड जेसीबीनं सपाट केलेलं, कुठं दहा फूट भराव, कुठं कापलेलं, जुनी ओळख अशी काहीच राहिली नव्हती. पण पहारीचा आवाज गोरखला कळायचा. एका जागी आवाज पोकळ आला. "हितं," तो म्हणाला. सात फुटांवर तांबडा पट्टा लागला. टँकर आणून पाच हजार लिटर ओतलं, ते चहा पिऊन होईस्तोवर गडप. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "गोरखभाऊ, तुम्ही जादूगार आहात," असं म्हणून खड्ड्याच्या काठावर त्याचा फोटो काढला. त्यानं ही गोष्ट हिराला त्या संध्याकाळी तीनदा सांगितली. साहेब घरात राहायला आले ते मात्र यंदाच्या फेब्रुवारीत.

जन्म विहिरी खणण्यात गेला. त्या माणसाला शीर दिसली की ती पाणी आणणारीच दिसते. ती पाणी नेते कुठं, हा प्रश्न त्या धंद्यात कुणी विचारतच नाही.

आणि विहिरीच्या टप्प्यावर बसल्या बसल्या त्याला आज्याचं बोलणं आठवलं. आज्यानं ही विहीर नेमकी इथंच का खणली? कारण टेकाडावर एक उंबर होता, आणि वैशाखातही त्याच्या बुडाचं गवत हिरवं असायचं. "त्या उंबराखालनं येतं आपलं पाणी," आजा सांगायचा, ते लहानपणी शंभरदा ऐकलेलं. उंबर वीस वर्षांपूर्वी वादळात पडला, त्याचं खोड भरावाखाली गेलं, आणि गोरख मिस्त्रीनं बरोबर त्याच्या बुडाशी पहार मारून दाखवली. वा रे जादूगार.

घरी येऊन त्यानं हिराला सांगितलं. हिरा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी आपुन त्यांचं..."

"व्हय."

तिनं पीठ तसंच टाकलं आणि मोरीत जाऊन ओकली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत आग होती. "म्हातारी मराया टेकली," ती म्हणाली, "आन् तुमी फोटू काडून घेतला."

म्हातारीचं वेगळंच होतं. छप्पन साली धर्म बदलला, त्यानंतरच्या वर्षी वस्तीनं ही विहीर स्वतः खणायला घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात बारा वर्षांची बयाबाई लग्न होऊन आली. हळदीच्या अंगानं तिनं मुरमाच्या पाट्या वाहिल्या. त्याआधीचं पाणी तिला आठवत होतं. गावाच्या विहिरीच्या काठापासून दूर हंडा ठेवायचा, लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. कधी सकाळभर उभं राहायचं. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पोहरा ओढला, आणि तेव्हापासून सत्तर वर्षांत ती दुसऱ्या कुठल्या पाण्याला गेली नाही. लग्नाला गेली तरी या विहिरीच्या पाण्याचा तांब्या बरोबर.

आताही वस्तीतल्या बाया गावातल्या नळावरून हंडे आणत होत्या. गावानं काही आडकाठी केली नाही. उलट गावातला हनुमंत नावाचा शेतकरी स्वतः सांगायला आला, "मावशी, आता तसलं काय राह्यलं न्हाई. आमच्या नळावरनं खुशाल भरा."

"राह्यलं न्हाई हे खरं हाय, बाबा," बयाबाई म्हणाली. "तुजा काय दोस न्हाई. पर माज्या घशाला ते कळत न्हाई." आणि ती विहिरीचंच पाणी, जमेल तसं उकळून, पीत राहिली. उकळणं जमलं नाही की तसंच. अंगातली हाडं मोजता येत होती. सलाईन लावून आणलं, पुन्हा तेच. ते पाणी सुटलं नाही तर म्हातारी जाणार होती. डॉक्टरला विचारायची गरजच नव्हती.

गोरख बाटलीत पाणी भरून वर गेला. सुहास साहेब माणूस वाईट नव्हता. ओरडला नाही, बसा म्हणाला, चहा दिला. पण बाटलीला हात लावला नाही.

"गोरखभाऊ, तुमची विहीर माझ्या खड्ड्यापासून साठ फुटांवर आहे. नियमात बसतं ते, उलट जास्तच आहे." त्यांनी तिथल्या तिथं मॅडमना फोन लावला, आवाज मोठा केला.

"अंतर मी स्वतः मोजलंय, गोरखभाऊ," मॅडम फोनवर म्हणाल्या. "एवढ्या जमिनीतून पाणी गाळून जातं. वस्तीत कुणाचे संडास आहेत का विहिरीजवळ? गुरं धुता का तिथं?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते गोरखला तेव्हा कळलं. वस्तीतल्या लोकांनी काय घाण केली असेल, हा पहिला प्रश्न. सत्तर वर्षांत तिथं चूळ भरायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मॅडम, जमीन कुटली, खडक हाय तो. भेगेतनं गाळून जात न्हाई, पळत जातं."

"पुरावा काय पण?" साहेब म्हणाले. "मी असं करतो, वस्तीला एक फिल्टर देतो. माझ्याकडून भेट."

भेट म्हणे. गोरखनं चहा अर्धा ठेवला आणि उठला. खरी गोष्ट त्याच्या ओठांवर होती, की ही शीर मी ओळखतो, कारण खड्डा मीच दाखवला. पण ती बाहेर येईना. साहेबांपुढं नाही, वस्तीपुढंही नाही. वस्तीत तो मिस्त्री होता. विहारात पुढच्या रांगेत बसणारा. लोक त्याच्या शब्दावर घराचे पाये खणायचे. उद्या सगळ्यांना कळलं की यानंच आपल्या विहिरीत हागणदारी सोडली, तर काय तोंड दाखवायचं? तो स्वतःवर चिडला होता, आणि स्वतःवर चिडलेला माणूस भिंतीवरही चिडतो. दोन दिवस त्यानं घरात कुणाला धड उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. रविवारी घर बघायला चाळीस माणसं येणार होती. पुण्याचे आर्किटेक्ट, कॉलेजची मुलं, मासिकवाले. मॅडमना घराबद्दल बक्षीस मिळालं होतं. "आणि स्थानिक कारागीर म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय," साहेब म्हणाले. "शाल, श्रीफळ. दोन शब्द बोला. आणि हो, सकाळी लवकर येऊन मागचा चेंबर जरा बघून घ्या. पाहुण्यांना वास यायला नको."

पाहुण्यांना. गोरखनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ नुसताच हसत बसला. हिराला वाटलं, याचं डोकं फिरलं.

"आईच्यान सांगतो," तो म्हणाला, "पुरावा मागतात. पाण्याला काय तोंड हाय का, कुटनं आलं ते सांगाया?"

हिरा धुणं वाळत घालत होती. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. त्या दिवशी अख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत निघते, बायांच्या साड्या, बाप्यांचे सदरे, सगळं बर्फासारखं लागतं. म्हणून एप्रिल उजाडला की घराघरात पातळ निळीच्या बाटल्या येतात. हिराच्या समोरच बादलीत निळं पाणी होतं. तिनं त्या बादलीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"तोंड न्हाई," ती म्हणाली. "पर रंग लावता यील."

संध्याकाळपर्यंत हिरा वस्तीतल्या एकतीस घरांत फिरून आली. कशाला हवी ते तिनं सांगितलं नाही, आणि हिरा मागते म्हटल्यावर कुणी विचारलंही नाही. सव्वीस बाटल्या जमल्या.

रविवारी सकाळी आठला गोरख संडासाच्या टाकीमागच्या चेंबरवर होता. टाकीतून बाहेर पडलेलं पाणी या चेंबरमधून खड्ड्यात जायचं. साहेब लांबून नाकाला रुमाल लावून म्हणाले, "चांगलं धुऊन काढा बरं का." गोरखनं होय म्हटलं. पाइप सोडला आणि एकेक बाटली ओतली. नीळ गरागरा फिरून खड्ड्याकडं गेली. मग गाड्या यायला लागल्या. चाळीस माणसं पुण्याहून दोन तास बसून आलेली, उतरल्या उतरल्या सगळी आधी कुठं जाणार, ते सांगायला नको. सारखं पाणी सुटत होतं. मागून ढकलायला यापेक्षा चांगली सोय गोरखला विकत घेऊनही मिळाली नसती.

मॅडमनी घर दाखवलं. मातीच्या भिंतीवर हात फिरवून लोक अहाहा करत होते. अंगणात टाकीवरची फरशी, तिथं पितळेची तोटी. मॅडम म्हणाल्या, "या घरात पावसाचा एकही थेंब वाया जात नाही. घर जेवढं जमिनीकडून घेतं, तेवढं तिला परत देतं." कुणीतरी ते वहीत लिहून घेतलं.

मग सत्कार. साहेबांनी शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. "गोरखभाऊ, दोन शब्द."

गोरख शाल घेऊन उभा राहिला. विहिरीवर नजर ठेवून बसलेल्या हिराचा पत्ता नव्हता. तीन तास होऊन गेले होते. आपलं चुकलं तर नाही, शीर दुसरीकडं तर वळली नाही, असं त्याच्या मनात आलं. एक क्षण त्याला वाटलंही, वळली असू दे. म्हणजे मी सुटलो.

फाटकातून हिरा आली. तिच्यामागं वस्तीतल्या दहा-बारा बाया. हिराच्या कमरेवर हंडा, आणि तिचं तोंड बघूनच गोरखला कळलं. तिनं हंडा मधोमध, टाकीच्या फरशीवर ठेवला. वाकून बघायची गरज नव्हती. पितळी काठावरून निळं पाणी ओघळत होतं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"आमच्या हिरीचं पाणी हाय," गोरख म्हणाला. "सकाळी आठ वाजता तुमच्या चेंबरात सव्वीस बाटल्या नीळ मी वतली. आता अकरा वाजून गेले. तुमी पुरावा मागितला व्हता, तो घ्या. मॅडम आत्ता म्हणल्या, हे घर जमिनीला परत देतं. व्हय, देतं. काय देतं ते आमी महिनाभर पितोय. माजी आय ऐंशी वर्साची हाय, ती पिती."

एका मुलीनं हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"तुम्ही माझ्या घरात येऊन, माझ्या पाहुण्यांसमोर," साहेबांचा आवाज चढला, "गुपचूप असं काहीतरी टाकता..."

"गुपचूप तुमीच टाकत व्हता, साहेब. मी निदान रंगीत तरी टाकलं."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गोरख वस्तीतल्या बायांकडं वळला. हे बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण आता नाही तर मरेपर्यंत नाही, हेही त्याला कळत होतं.

"आन् तुमीबी आयका. ह्यो खड्डा साहेबांनी शोदला न्हाई, मॅडमनी न्हाई. मी शोदला. तीन खड्डे फसले, तवा मीच पहार घेऊन फुडं झालो. माज्या आज्याची शीर व्हती, ती मला वळकाय आली न्हाई. हितं उंबर व्हता. लोकं टाळ्या वाजवत व्हती, मला ग्वाड लागलं. दोन हप्ते झाले, मला सगळं ठावं हाय, आन् मी लाजंखातर गप बसलो." त्यानं शाल काढली, घडी घातली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही खुर्चीवर ठेवून दिलं.

बायांच्या नजरा त्याला शिव्यांपेक्षा लागल्या, आणि लागायलाच हव्या होत्या.

मॅडम पुढं आल्या. हंड्यात बोट बुडवलं, बघितलं. "नकाशावर विहीर होती," त्या म्हणाल्या. "मी टेपनं अंतर मोजलं. खाली उतरून बघितलं नाही."

"बगाय पायजे व्हतं," हिरा म्हणाली. "पायवाट हाय की. दोन मिन्टं लागत्यात."

चाळीस माणसं, चाळीस फोन. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. तिथल्या तिथं ठरलं. खड्डा बंद. संडासाची टाकी तोवर गाडी बोलावून उपसायची, आणि गाळणीचे कप्पे नि बोरूचं बेट मूळ नकाशात होतं तिथंच, साहेबांच्या खिडकीसमोर. सोमवारी गोरखनं खड्डा स्वतः उपसला, धुतला आणि सिमेंटनं तोंडापर्यंत भरला. मजुरी घेतली नाही. विहिरीतलं पाणी पंप लावून तीनदा उपसलं. तरी शिरेतून निळसर झिरपत राहिलं.

"कवा निवळंल?" बयाबाईनं विचारलं. तिला आता उठून बसायलाही आधार लागत होता.

"दोन पावसाळे तरी जातील, आये. तीनबी लागतील."

"मग मला न्हाई ते घावायचं," ती म्हणाली. रडली नाही. फक्त भिंतीकडं तोंड केलं.

त्याच आठवड्यात मॅडम वस्तीत आल्या. चपला काढून बयाबाईजवळ जमिनीवर बसल्या, आणि म्हणाल्या, वरच्या टाकीत सव्वा लाख लिटर पावसाचं पाणी आहे, विहीर निवळेपर्यंत ते वस्तीनं प्यावं, साहेबांना मी कबूल करून घेतलंय. म्हातारीनं मॅडमकडं तोंड वळवलं.

"पावसाचं हाय?"

"हो, आजी. नुसतं पावसाचं."

"मग पियाला हरकत न्हाई. पाऊस काय कुणाच्या बापाचा न्हाई."

दोन दिवसांत तिनं जरा जीव धरला. आपल्या पायानं जायचं म्हणाली. कुणी आणून दिलेलं नको, आपण भरायचं. शुक्रवारी सकाळी छोटी कळशी घेऊन, काठी टेकत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ती टेकाड चढली. पण फाटक होतं पुढच्या अंगाला, सगळ्या कुंपणाला वळसा घालून. तिथं वॉचमन. त्यानं वही काढली. नाव लिहा, किती हंडे ते लिहा, वेळ सात ते आठ. आणि साहेब अजून उठले नाहीत, ते उठल्यावर कुलूप काढतो, तोवर बाजूला थांबा.

बयाबाई थांबली. कळशी खाली ठेवून, फाटकापासून चार हात लांब. कुणी लांब राहा म्हटलं नव्हतं, पण तिचे पाय आपोआप तिथं जाऊन उभे राहिले. अर्धा तास. मग तिनं रिकामी कळशी उचलली आणि वळली.

हिरानं हे सांगितलं तेव्हा गोरख विहिरीच्या काठावर पंप काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. घरात गेला, पहार घेतली आणि पायवाटेनं सरळ वर निघाला. मागच्या कुंपणाच्या भिंतीशी थांबला. भिंत त्यानंच बांधलेली, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. दगडात दगड असा बसलेला की नखही जाऊ नये. मॅडमनी तिचेही फोटो काढले होते.

त्यानं वरच्या थरात पहार घातली.

दगड पडायला लागले तसा वॉचमन धावत आला, मग नाइट ड्रेसवर साहेब आले. "गोरखभाऊ, काय चाललंय? भिंत कशाला पाडताय?"

"पाडत न्हाई," गोरख म्हणाला. पहार थांबली नाही. "हितं दार ठेवायचं राह्यलं व्हतं. वस्ती मागं हाय, आन् दार फुडं. मिस्त्रीची चूक हाय, साहेब. मिस्त्रीच दुरुस्त करतोय."

"पोलिसांना बोलवीन मी."

"बोलवा. मासिकवाल्यांनाबी बोलवा."

साहेब उभे राहिले. खाली पायवाटेवर वस्ती जमा झाली होती, बाया, बाप्ये, सगळी. रविवारपासून गोरखशी न बोललेली माणसं. त्यातला एक जण वर आला आणि पडलेले दगड उचलून बाजूला रचायला लागला. मग दुसरा आला. साहेबांनी त्या सगळ्यांकडं बघितलं, फोन खिशात घातला आणि आत गेले.

दुपारी बारापर्यंत चार फूट रुंदीची वाट मोकळी झाली. गोरखनं तिच्या दोन्ही कडा नीट बांधून घेतल्या, खाली दोन पायऱ्या बसवल्या, म्हाताऱ्या माणसाला चढता येतील एवढ्या बुटक्या. दाराची चौकट त्यानं ठेवली नाही. चौकट आली की दार येतं, दार आलं की कुलूप येतं.

बयाबाई आली. कुणाचा हात धरला नाही, काठी टेकत दोन पायऱ्या चढली, भिंतीतून आत गेली आणि अंगण ओलांडून टाकीपाशी गेली. वॉचमन वही घेऊन उभा होता. ती त्याच्याजवळून गेली. पितळेची तोटी तिनं स्वतःच्या हातानं सोडली. आधी ओंजळभर प्याली, मग कळशी भरली, आणि एक थेंब गळणार नाही इतकी घट्ट तोटी बंद केली.